उजवा बुश

कुई, असा तो आवाज नव्हता.
कुंई, असाही नव्हता.
ओल्या बोटानं काच पुसावी तसा,
आणि शेवटी बारीकसा हुंकार,
बघा, सांगितलं होतं म्हणणाऱ्या माणसाचा.

पहिल्यांदा ऐकला हिंगण्याच्या गतिरोधकावर.
पुण्यात गतिरोधकांना तोटा नाही,
त्यामुळे पुराव्यालाही नव्हता.

चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात
मी लोकांच्या लायनीतली खरखर ऐकली.
जागेवरून सांगायचे,
बिघाड खांबावर आहे की घरात.
आणि आता आमच्याच गाडीत,
अठ्ठ्याण्णवच्या ट्रॅव्हलरमध्ये
(आधी शाळेची बस, पिवळा रंग अजून
दाराच्या खाचेत दिसतो)
मला कळेना, बोलतंय कोण.

हेमलता म्हणाली, खाटेच्या बिजागऱ्या.
बिजागऱ्यांना तेल दिलं.
मग म्हणाली, भांडी.
भांडी काढली, शेगडी काढली,
गाद्या गच्चीवर नेऊन टाकल्या.
मोकळी गाडी कात्रजच्या चौकापर्यंत नेली.
मोकळी होती म्हणून
आवाज जास्तच स्वच्छ आला.

गुलटेकडीचे शमशुद्दीन तांबोळी
डोळे मिटून ऐकतात.
आधी चहा. मग मागच्या बंपरवर
चिन्याला उभं केलं. "नाच."
तो नाचला, गाडी कुरकुरली.
लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लोखंडाला,
मूठ माझ्या हातात दिली:
"ताई, तुम्हीच ऐका. तुमचा कान खात्याचा."
बासष्टाव्या वर्षी गोणपाटावर आडवी होऊन
मी गाडीच्या पोटाखाली शिरले.
शॉकअब, नाही.
मधला बोल्ट, नाही.
पाट्यांमध्ये गंज होता,
पण तो गप्प गंज होता.

मग त्यांनी बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं
आणि एकेका रबरावर पाण्याची धार धरली.
डावा पुढचा. कुरकुर.
डावा मागचा. कुरकुर.
उजवा पुढचा. कुरकुर.
उजवीकडे मागे, शॅकलच्या खालच्या बुशावर
धार पडली, आणि चिन्या
नाचत राहिला, नाचत राहिला,
आवाज बंद केलेल्या टीव्हीतल्यासारखा.

"तहान लागली असेल त्याला," हेमलता.
"झिजलाय," शमशूभाई म्हणाले.
"ऑइल मारू नका कधी. रबर फुगतं,
चार दिवस गप्प बसतं, मग जास्त बोलतं."
बुश बाहेर आला.
एका बाजूनं शाबूत, एका बाजूनं कागद.
पाण्याची टाकी कुठे ठेवलीय?
उजवीकडे.
सिलिंडर?
उजवीकडे.
बॅटरी?
हेमलतानं माझ्याकडे पाहिलं.
नकाशा मीच आखला होता,
डावी खिडकी मोकळी राहावी,
तिला खाटेवर पडल्यापडल्या डोंगर दिसावेत, म्हणून.
हे तिला कधी सांगितलं नव्हतं.
तिथेही नाही सांगितलं.

नवा बुश साबणाच्या पाण्यावरून सरकत बसला.
पाट्यांमध्ये काळं ग्रॅफाइटचं ग्रीस.
चिन्यानं पाना उचलला तसे ते ओरडले,
"अरे थांब! आधी जॅक काढ.
गाडी हवेत असताना आवळशील
तर रबराला जन्माचा पीळ बसेल.
चाकं टेकू दे. वजन येऊ दे अंगावर."
गाडी खाली आली,
जराशी हलली, जागा करून बसली.
मग पाना फिरला.

परत येताना मार्केट यार्डाचे तीन,
बिबवेवाडीचे पाच,
पुढे कुणीतरी स्वतःच्या दारापुरता
हौसेनं घातलेला एक.
काही नाही.
मी तरी कान टवकारून.
"अगं, बोल की आता," हेमलता म्हणाली,
"दोन महिने झाले, गाडीत बसलं की
तू नुसती ऐकत असतेस."
खरं होतं. पण एकदम काय बोलणार?
मी रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लागले.
येथे गाद्या पिंजून मिळतील.
दळण दुपारी एकनंतर घेतले जाणार नाही.
फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल,
भरून मिळणार नाही.
ती हसली.
सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली,
टाकी मध्ये घेऊ या.
डोंगर काय,
मी उठून बसून बघेन.